उदास गुडघा

प्रिय ताई,

‘तुला काहीही झालेलं नाही, जरा अंग झटकून उठ,’ असं तू मला अकरा वर्षांपूर्वी म्हणाली होतीस. तेव्हापासून मी इतकं अंग झटकलंय, की माझ्या जागी सतरंजी असती तर विरून गेली असती. असो. आधी नमस्कार घे. तुझं पित्त, भावोजींची कवळी आणि तुमचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करते.

मी बरी आहे. (हे वाक्य मी दर पत्रात लिहिते. या खेपेला ते खरं आहे, म्हणून पुन्हा एकदा वाच.)

झालं असं, की चार तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. एकीनं वजन वाढलं, दुसरीनं झोप उडाली, उदासी मात्र जागची हलली नाही. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘केटामाइन’ लिहून दिलं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर कधीकधी लागू पडतं म्हणाले, पण मिळेल कुठे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमचे औषधवाले म्हणाले, ‘ते तर ऑपरेशनआधी भूल द्यायला वापरतात. तुमचं काय कापायचंय?’ मग मी फोन सुरू केले. आता आमच्याकडे रेंज येते ती फक्त ग्रंथालयाच्या गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला टेकून ओरडलं तर; आणि बरोबर खाली शिंपीणबाईंचं दुकान. म्हणून मी आजाराचं नाव बदलून गुडघा ठेवलं. नवव्या फोनवरची बाई म्हणाली, ‘अहो, हे मनोविकारांचं हॉस्पिटल आहे.’ मी ओरडले, ‘हो, माझा गुडघा अकरा वर्षं उदास आहे!’ तशी ती हळूच म्हणाली, ‘गच्चीवरून बोलताय का? गुरुवारी या. सोबत कुणीतरी आणा, परत एकटं जाऊ देत नाही.’

सोबत म्हणून जीपवाले मामा आले. साडेतीन तासांचा रस्ता. कागदावर ‘नातं’ या रकान्यात त्यांनी ‘जीप’ लिहिलं. सलाइनमधून औषध सुरू झालं की चाळीस मिनिटं छत जवळ येतं, लांब जातं. पहिल्या खेपेला मी सलाइनच्या स्टँडला ‘भावोजी’ म्हणून हाक मारली. (उंची आणि गप्प राहणं, दोन्ही जुळत होतं.) परतताना मामांनी तेवढे सगळे खड्डे चुकवले.

चौथ्या खेपेनंतरची गोष्ट. सकाळी चहा ठेवला आणि नळाच्या ठिबकण्याचा मला राग आला. ताई, राग! दोन वर्षं तो नळ ठिबकत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी पाना घेतला, वायसर बदललं, नखशिखान्त भिजले आणि एकटीच हसत सुटले. शेजारी धावत आले. तेव्हापासून गावभर झालंय, की गुडघ्याला गुण आला. गुरुवारच्या जीपमध्ये तीन गुडघ्यांनी जागा धरल्या आहेत.

डॉक्टर म्हणतात, गुण टिकेलच असं नाही. मी पुन्हा घसरू लागले तर ते ओळखेल असं घरचं एक माणूस त्यांना भेटायला हवंय. (मामांना त्यांनी नम्रपणे नकार दिला.)

तुझी,
धाकटी

ता. क. काल धीर करून शिंपीणबाईंना खरं सांगितलं. म्हटलं, तिथे गुडघ्याचं काही मिळत नाही, मनाचं मिळतं. तुमची जागा रद्द करते. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, ‘जागा राहू दे. माझे गुडघे धडधाकट आहेत.’

आणखी एक ता. क. घरचं माणूस म्हणजे तूच. दुसरं आहे कोण? गुरुवारी ये. चाळीस मिनिटं माझ्या शेजारी बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. अंग झटकण्याबद्दलही नाही. तू नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. तरी खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीय.