पहाटेचा फोन

वटार,
१४ डिसेंबर २०२५

चिरंजीव जयवंतास आईचे पोटभर आशीर्वाद.

मितेश परवा तुझ्याकडे मस्कतला परत निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि कोलंबीचं लोणचं देते. बरणी आडवी ठेवू नकोस, तेल वर आलंय. फोन असताना म्हातारी पत्र कशाला खरडते, असं म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते. कागद मध्ये बोलत नाही. पुडीच्या कागदांवर वाचायला शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

बागेत कागड्याच्या फुलांना बहर बरा आहे. थंडीनं कळी टपोरी धरलीय. संपदा सूनबाई ऑफिसला जायच्या आधी थोड्या कळ्या खुडते, बाकीच्या मी. केळीचे घड उतरवले.

यात तुझी लेक कुठे, असं मनात आलं असेल.

रुचिता कळ्या खुडायला येत नाही. तू म्हणायचास, वाकून कळ्या खुडल्या की पाय मोकळे होतात, फुकटचा व्यायाम. उजाडल्यावर उठणारा आपल्या घरात आळशी ठरतो, हे तुझ्या वडिलांपासूनचं. तिचा रोजचा दिवस तसाच होता, अंधारात कळ्या, मग ग्राउंडवर पळणं, मग शाळा, परत पळणं, मग क्लास. एकदा क्लासहून येताना बसमध्ये झोपली आणि आगाशीला उतरायची ती अर्नाळ्याला जाऊन जागी झाली. कंडक्टर म्हणाला, आलीच आहेस तर मासळी घेऊन जा. आम्ही हसलो. तूही हसलास.

तिचे फ्लॉईड सर हसले नाहीत. ओटीवर बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "आजी, या वयात हाड झोपेत भरतं. मी नुसता पळवतो. तिला झोपू द्या." मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, झोपून कुणी पदक आणलंय का?

आता खरं लिहिते. दिवाळीनंतर तिच्या नडगीचं हाड चिरलं. शर्यतीत नाही रे, साध्या सरावात. वळणावर मटकन बसली. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, पाय कधीपासून सांगत होता. आधी पोटभर झोप, मग बाकीचं. तू परक्या मुलखात एकटा, जिवाला लावून घेशील, म्हणून आम्ही "सरावाला गेलीय" म्हणत राहिलो.

पण झोप परत येत नाही, जयवंता. तिला उठवायला तू पहाटे करतोस तो फोन वाजायच्या आधीच तिचे डोळे उघडतात. फोन उशाशी घेऊन पडलेली असते. वाजला की आवाज टवटवीत करते, "उठले बाबा, निघालेच." मग प्लास्टरकडे बघत उजाडेपर्यंत बसते. मी शेजारीच असते. पाठीवर हात ठेवते, तर पाठ लाकडासारखी.

बाबाला सांगून टाक म्हटलं, तर म्हणाली, "नको आजी. तिकडे अजून रात्रच असते. तो माझ्यासाठी उठतो."

तू पाठवलेले बूट मितेशनं दिले. तिनं हातात घेतले, हुंगले आणि खोक्यात ठेवून दिले. पुन्हा पळेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. तिनंही विचारायचं सोडलंय. सर येतात, थोडं बसून जातात. मला तर पुढचं काही दिसत नाही.

खुडलेली कळी आपण ओल्या फडक्यात गुंडाळतो, बाजार येईपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. एवढं आपण कळीसाठी करतो.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. तूही तिथं स्वतःची झोप मोडून तिला उठवत होतास, हे मला कळतं. पत्र मिळालं की पहाटेचा फोन बंद कर. दुपारी कर, आणि तुला सगळं कळलंय एवढंच तिला सांग. निघालेच म्हणायची पाळी तिच्यावर आणू नकोस.

आणि बाळा, तूही झोप.

तिच्या शेजारी जागी असलेली,
तुझी आई,
नर्मदा