डाव्या हाताची सुईण

पंचफुला आत्या,
जयभीम.

अकोल्यात सिनेमाच्या सरकारी गाडीवर कामाला लागलो. काल रस्त्यात हत्ती पाहिला, पण ते राहू दे. रात्री बाळंतपणाचा सिनेमा दाखवला आणि तू आठवलीस. आपल्या वलगावात असाच सिनेमा आला तेव्हा तुम्हा बायांना पडद्यामागं बसवलं होतं. तिथून उजवा हात डावा दिसे. तू तशीच नाळ कापायला शिकलीस. सुईणीच्या परीक्षेत नर्सबाई म्हणाली, "काहून वो, डावखुरी हायेस?"

"मी नाही बाई, सिनेमातली हाये."

हसत हसत तिनं नापास केलं. मोटारस्टँडवर तू रडलीस. तरी गावची लेकरं तुझ्याच हातावर झाली.

हे पत्र टाकत नाही, तुला वाचता येत नाही आणि टपालवाला गावासमोर मोठ्यानं वाचेल. आता बायांना पुढं मीच बसवतो. गडी कुरकुरले की म्हणतो, "तुमी जा ना मागं!"

तुझा भाचा,
देवमन