कासरा नसलेली गाडी

बायरिश वाल्ड, जर्मनी
११ मार्च २०२५

ती. मामांस,

विष्णूचा दंडवत. मामीलाही सांगा. बावऱ्याच्या खुराची जखम भरली का? बैल लंगडत असेल तर सरावाला काढू नका.

तुमचा निरोप इथल्या श्रीपाददादांनी सांगितला. "चैत्राच्या यात्रेला ये, गाडा तुलाच हाकायचाय." फोनवर उत्तर द्यायला दोनदा नंबर लावला अन् ठेवून दिला, म्हणून लिहितो. शाळा सातवीत सुटली, चुका पोटात घाला.

इथं बरं चाललंय. न्युरेम्बर्गच्या हॉटेलात कांदे चिरून जीव उबगला होता, ते तुम्हाला ठाऊकच आहे. श्रीपाददादांनीच कागद करून मला इथं डोंगरात लावलं. ब्रिगिटबाईंकडे बर्फावर गाडी ओढणारी कुत्री आहेत. पर्यटकांना बसवून फिरवायचं. गाडीला चाकं नाहीत, लाकडी पट्ट्या. अन् मामा, कासराच नाही! नुसत्या आवाजावर चालतात. पायाखाली एक दातेरी ब्रेक, तेवढाच.

आपला शर्यतीचा घाट चढाचा. बैल दमला की गाडा आपोआप थांबतो. इथं उतार लागला की गाडीच मागून कुत्र्यांच्या अंगावर जाते. म्हणून नवख्याला तीव्र उतारावर सोडत नाहीत. पण गेल्या महिन्यात रोजच्या वाटेवर झाड आडवं पडलं आणि परत यायला कड्याकडचीच वाट राहिली. गाडीत माणसं नव्हती, हे देवाचं. ब्रिगिटबाई पुढच्या गाडीवर. ओरडून म्हणाल्या, "दोन्ही पाय ब्रेकवर! हात दांड्यावर! दुसरं काही धरू नकोस!"

मी धरलं. गाडी बांधायची दोरी मागं लोंबत होती. खाली बघितलं, अन् हातानं सवयीचंच केलं. दोरी डाव्या मुठीला गुंडाळली, बैल बुजला की आपण कासरा गुंडाळतो तशी. वळणावर बर्फ काचेसारखा. मी पडलो, ब्रेक सुटला, कुत्री मोकाट. दोरी हाताला, मी फरफटत, अन् शेजारी दरी.

ब्रिगिटबाईंनी आपली गाडी बर्फात लोखंडी आकडा रोवून थांबवली आणि आडव्या आल्या. माझ्या गाडीच्या पुढच्या कुत्र्याला, मोरिट्झला, मिठी मारून त्याच्यासकट बर्फात लोळल्या. मग सुरीनं दोरी कापली. साठी उलटलेली बाई आहे, मामा.

दवाखान्यात म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडं दोरी हाताला गुंडाळतात?"

"हो," म्हटलं. "तिकडं पुढं बैल असतो."

"मग बैलच घेऊन यायचास!" असं म्हणून हसल्या, अन् हसता हसता रडायलाच लागल्या.

हाताला खरचटलंय, असं मी मामीला फोनवर म्हणालो होतो. तेवढंच नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांना वाचवता आलं नाही. डावी मूठ आता वळत नाही.

वाटलं, कामही गेलं. पण ब्रिगिटबाई म्हणाल्या, "कुत्र्यांना तुझी बोटं नकोत, तुझा आवाज पाहिजे. ती माझ्यापेक्षा तुझं ऐकतात." पुढचा हिवाळा सपाटीवरच हाकायचं, एवढी अट.

तो आवाज तुमचा आहे, मामा. तुम्ही मला टोचणी कधी हातात घेऊ दिली नाहीत, बैलाशी बोलायला लावलंत. पोरं चिडवायची, "विष्ण्या बैलाला गोष्ट सांगतोय." त्यावरच आज माझं पोट चाललंय. बाबा सोडून गेले तेव्हा तुम्ही मला घरी आणलंत, आणि मी किती दिवस राहणार हे कुणाला विचारू दिलं नाहीत. आपल्यात आभार मानत नाहीत. तरी मानतो.

गाडा नागेशला द्या. "तू फक्त वैरण टाक" म्हणून मी त्याला लय चिडवलं, पण तुमचा मुलगा आहे, बैल त्याला ओळखतात. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नका, माझं रडून झालंय. फक्त कासरा मुठीला गुंडाळू देऊ नका. ऐकत नसेल तर माझा हात कसा झालाय ते सांगा.

भाचा म्हणून वाढवलं नाहीत, म्हणून खाली भाचा लिहीत नाही.

तुमचा
विष्णू