नळाची चाकी

मी, खिंडीतल्या रेल्वे बोगद्याचा जुना ड्रिलवाला, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल दाखल्याची गरज नाही, ती शेजाऱ्यांनाही ऐकू येते.

राहते घर मी सूनबाईच्या नावे करत आहे. मुलाच्या नाही. कारण लिहिणे भाग आहे.

बोगदा दोन्ही बाजूंनी खोदत होते. जी बाजू आधी मध्यावर पोहोचेल तिला बक्षीस होते. ड्रिल चालताना भोकात पाणी सोडायचे, म्हणजे दगडाची भुकटी चिखल होऊन खाली बसते, छातीत जात नाही, हा नियम. पण चिखल उपसण्यात वेळ जातो. म्हणून आमच्या मुकादमाने, म्हणजे माझ्या मेहुण्यानेच, नळ बंद केला आणि त्याची चाकी काढून नेली. मी नियमाचा छापील कागद त्याच्यापुढे धरला. "दाजी, चष्मा घरी राहिला," म्हणाला. चष्मा खिशातून डोकावत होता.

आम्ही जिंकलो. हारतुरे घालून फोटो निघाला. हा फोटो मेहुण्याला द्यावा. त्यातले बाकीचे सगळे खोकून खोकून गेले. आता तो आहे, आणि थोडे दिवस मी.

बायको म्हणायची, "माझा भाऊ आहे, तोंड आवरा." तिच्याखातर आयुष्यभर आवरले. ती गेल्यावर तिच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, ती चाकी सापडली. तिला ठाऊक होते तर. मला तिचा फार राग आला, आणि भांडायला ती नव्हती.

आता शेजारी दुसरा बोगदा होतोय. ठेकेदार मेहुणाच, आणि माझा मुलगा उद्यापासून त्याच्या हाताखाली. मी विचारले, "पाणी असणार का?"

"मामा बघून घेईल, बाबा."

म्हणून ही अट: त्या बोगद्यात मुलगा पाण्याशिवाय कोरडे ड्रिल चालवेल त्या दिवशी त्याचा या घरात राहण्याचा हक्क संपेल. सूनबाईला आधी विचारले आहे. ती म्हणाली, "बाबा, मी कुलूपच बदलते." या घरात कणा असलेले माणूस बाहेरून आले.

मुलाला मी फक्त ती चाकी देत आहे. नव्या नळाला बसते का, ते त्याने स्वतः पाहावे. मामाला विचारू नये.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकीलबाई सांगतात. तरीही मी हा कागद आत्ताच मेहुण्यापुढे धरला. म्हटले, "वाचून घे रे, तुझ्याबद्दल आहे."

"दाजी, चष्मा घरी राहिला. कुठे करू सही?"

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, खिडकीजवळ.
तारीख: नव्या बोगद्याचे काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी.

सही: लिहून देणार, जुना ड्रिलवाला
साक्षीदार: दवाखान्याचे डॉक्टर (वाचून सही केली)
साक्षीदार: मेहुणा (न वाचता सही केली)