मशीनमागचा कॉक

पांढरकवडा, शनिवार, संध्याकाळ

नवी वॉशिंग मशीन लागली. जुनीत पाणीच येत नव्हतं, म्हणून बदल्यात देऊन टाकली. फिटर पाइप जोडायला कोपऱ्यात वाकला अन् म्हणाला, "काकू, कॉक तर बंद आहे. जुनी मशीन खराब नव्हती तुमची."

मले काय माहीत, तिथं कॉक आहे म्हणून! धुण्याआधी अन् धुणं झालं की हे दरवेळी मशीनमागं हात घालायचे. मी विचारायची, "काय शोधून राह्यले?" म्हणायचे, "काही नाही, पाइप गळते." कॉकचं काहून नाही सांगितलं? हे जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून मी हातानंच धुऊन राह्यली.

ह्यांनी बंद केलेला कॉक होता तो. मी "थांबा" म्हणेपर्यंत फिटरनं उघडूनही टाकला.