चार्ट पुन्हा छापलाय

यशोधरा,

मी पहिल्या एसटीने घोडेगावला चाललोय, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचेत.

टेबलावर रंगांच्या चौकटींचा नवा चार्ट, करेक्शन बंद करून, छापून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत वाळू दे, मग रंग मोजायच्या मीटरने वाचून प्रिंटरचं रंगांचं प्रोफाइल नव्याने बनव. पिंपळवंडीच्या नवरीचा चेहरा प्रिंटमध्ये तीन दिवस हिरवट येतोय, त्यात तुझी काही चूक नाही. प्रिंटरचं कलर करेक्शन तू बंदच ठेवलं होतंस. मागचा चार्ट छापायच्या आधी मी ते गुपचूप चालू केलं, म्हणून चार्टचे रंग आणि त्यावरून बनवलेलं प्रोफाइल दोन्ही चुकले.

लग्नात तिचे वडील सगळ्यांसमोर मला म्हणाले, "भाऊ, तुमी लाइट धरा, फोटो वहिनीच काढतील." कॅमेरा धरायला तुला मीच शिकवलं, म्हणून ते लई झोंबलं. पण काल तू शाईला, कागदाला आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांना दोष द्यायला लागलीस. चष्म्याचा नंबर काढून येते म्हणालीस, तेव्हा मला तुझ्याकडं बघवलं नाही.

अल्बमला उशीर माझ्यामुळं झाला, हे त्यांना फोन करून सांगितलंय. तुला तोंडावर सांगायची मात्र हिंमत झाली नाही. आणि खोटं कशाला लिहू, त्यांचं ते बोलणं अजूनही झोंबतंय.

धम्मपाल