थ्रेडमधला ए

भालकी,
१५ मे २००८

प्रिय राजू,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा ‘रेंज गेली, ऐकू येईना’ म्हणून मी ठेवून दिला. रेंज गेली नव्हती. तू जे विचारलंस त्याला लगेच ‘हो’ म्हणवेना, म्हणून ठेवला. चार दिवस झाले, रोज कागद घेऊन बसते आणि फाडते.

आधी इकडचं सांगते. तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. परवा खटकचिंचोळीला गेले होते तर तानुमावशींनी मला लांबूनच ओळखलं. तुझ्या वडलांनी, अंबाजीकाकांनी, घोंगड्यांचा माग मोडला, मेंढरंही सातच उरलीत. आपले भगवानराव सर रिटायर होऊन उदगीरला लेकीकडं राहायला गेले. तिची तिथं शाळा आहे. सरांना अजून तुझी आठवण आहे.

सरांचा तो खेळ आठवतो ना? फळ्यावर तीन अक्षरं लिहायचे, आणि ती तिन्ही ज्यात येतात असे इंग्रजी शब्द आपण शोधायचे, पुढं मराठीत अर्थ लिहायचा. ‘अर्थ ठाऊक न्हाई, तर त्यो शब्द तुमचा न्हाई,’ म्हणायचे. सगळा वर्ग कंटाळायचा, आपण दोघीच हटायचो नाही. तू मेंढरांमागं फिरताना शब्द गोळा करायचीस, खताच्या पोत्यावरचे, औषधाच्या बाटलीवरचे. शाळेत डिक्शनरी एकच, आणि तीही एमनंतर फाटलेली. म्हणून एमच्या पुढचा कुठलाही शब्द आपण एकमेकींना विचारूनच पक्का करायचो. मी मान हलवली की तू वहीत उतरवायचीस. माझ्या मानेवर तुझा एवढा भरवसा होता.

दहावीच्या वर्षी भालकीला शब्दांची स्पर्धा झाली. पहिली येईल तिला बिदरच्या वसतिगृहात दोन वर्षं फुकट जागा, पीयूसी म्हणजे बारावीपर्यंत. माझ्या अप्पांनी, भीमण्णांनी, आदल्या दिवशीच सांगितलं होतं, जागा मिळाली तर शीक, न्हाई तर वैशाखात लगीन. तुझ्या घरी काय बोलणं झालं होतं ते मी कधी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

ई, ए, आर अशी अक्षरं आली होती. आपला बाक एकच. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा राखणीवरचे सर दारात कुणाशी बोलत होते. तू कागदावरून बोट सरकवत माझ्याकडं वळलीस आणि हळूच विचारलंस, ‘थ्रेडमंदी ए हाय का गं? बोलताना तर येईना.’

राजू, मला ठाऊक होतं. आठवडाभर आधी मी शिंप्याच्या दुकानात दोऱ्याच्या रिळावर तो शब्द वाचला होता, ए सकट. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली.

तू म्हणालीस, ‘मग स्प्रेडमंदी बी नसंल.’ आणि पट्टी ठेवून दोन्ही शब्द नीट खोडलेस. मी बघत राहिले. अजून वेळ होता. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं.

मला एकतीस मिळाले, तुला तीस. परतीच्या एसटीत तू मला खिडकीजवळ बसवलंस आणि म्हणालीस, ‘बरं झालं तूच जायलीस. मला मेंढरातून कोण सोडणार व्हतं?’ त्या वैशाखात तुझं लग्न झालं. तू मादन हिप्परग्याला गेलीस, मी बिदरला. पीयूसी झाली, डीएड झालं, नोकरी लागली. दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला तेव्हा तुझे यजमान राघोबाभाऊ तुला घेऊन पुण्याला बांधकामावर गेले, हे मला पगार सुरू झाल्यावर कळलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं, तेही लिहायला हवं.

पाच वर्षांपूर्वी ट्रेनिंगसाठी पुण्याला आले तेव्हा पत्ता काढत तुमच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत पोचले. खरं तर सांगायलाच आले होते. तू डोक्यावरची पाटी खाली ठेवलीस, हात धुऊन मला मिठी मारलीस. तुझे तळवे सिमेंटनं फाटले होते. शेजारणीला सांगितलंस, ‘ही माझी जगदेवी, इंग्रजी शिकिवती.’ मग सहा वर्षांच्या मंजुश्रीला सिमेंटच्या पोत्यावरची अक्षरं दाखवून म्हणालीस, ‘सांग मावशीला, ह्यातल्या अक्षरांचे शब्द सांग, अर्थासकट.’ पोरीनं पाच सांगितले. तू तिच्याकडं बघत होतीस आणि मी तुझ्याकडं. चहा पिऊन मी उठले. सांगितलं नाही.

तेरा वर्षांत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पोर होते, घाबरले होते, तुलाही कदाचित घरून जाऊ दिलं नसतं. यातलं शेवटचं तर मला ठाऊकही नाही. ते ठरवायची पाळी मी तुझ्यावर, अंबाजीकाकांवर येऊच दिली नाही.

रविवारी तू म्हणालीस, ‘मंजूला सहावीला तुझ्याकडं आणून सोडायलाव. हितं कामाच्या जागेपाशी पाचवीच्या पुढं शाळा न्हाई. तिला तुझ्यासारखी कर.’ ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र. तू न जाणता तिचा हात माझ्या हातात देऊ नयेस, एवढ्यासाठी. माझ्या शाळेत तिची जागा धरून ठेवली आहे. कन्नड जरा जड जाईल, ते मी घरी करून घेईन. सारं वाचूनही तू पाठवलीस, तर ती माझ्या घरात लेकीसारखी राहील. नाही पाठवलीस, तर भगवानराव सरांना मी विचारून ठेवलंय, उदगीरला तिची सोय होईल. माझं नाव तिथं कुठं येणार नाही. मला माफ करू नकोस, चालेल. पुन्हा बोलू नकोस, तेही चालेल. पण माझ्यावरच्या रागात पोरीला जूनमध्ये घरी ठेवू नकोस.

तुझी म्हणू की नको, ते तूच ठरव,
जगदेवी